चौथी सही

त्याला सगळे सहीवाला म्हणत. दुकानाच्या पाटीवर तसं काही नव्हतं; तिथे 'चषक, ढाली व नावाच्या पाट्या' एवढंच होतं, आणि पोट चालायचं ते त्यावरच. स्पर्धा भरवणार कुणी, जिंकणार कुणी, आणि हा आपला डोळ्याला भिंग लावून चषकाच्या पोटावर नाव कोरत बसलेला. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं. मान वाकवता येणारा दिवा, काम घट्ट धरून ठेवणारा एक शिकंजा, पितळेचे तुकडे ठेवलेला ट्रे आणि लाकडी मुठीच्या सात कोरण्या. त्या मुठी त्याच्या तळहाताने इतक्या झिजल्या होत्या की दुसऱ्याच्या हातात त्या नीट बसतच नसत.

छापील अक्षरं कुणीही कोरेल, पण हा हस्ताक्षर कोरायचा. कुणी वारलेल्या वडिलांची जुनी सही घेऊन यायचं आणि म्हणायचं, अशीच्या अशी पाटीवर पाहिजे. चार दिवसांनी पाटी न्यायला आलेलं माणूस दुकानातच रुमाल काढायचं. "अगदी त्यांनी स्वतः केल्यासारखी!" हा मान खाली घालून पितळेचा चुरा फुंकत बसायचा. कौतुक पचवायची त्याला सवय नव्हती. तीच सवय असती, तर कदाचित पुढचं घडलं नसतं.

सह्यांचा नाद लागला तो विसाव्या वर्षी. गावातल्या मोठ्या सभागृहाच्या खुर्च्यांना नंबरांच्या पितळी चकत्या ठोकायचं काम त्याला मिळालं होतं. खाली तो गुडघ्यांवर बसून स्क्रू पिळत होता आणि वर मंचावर एक गायिका संध्याकाळच्या मैफलीचा सराव करत होती. एकशे बाराव्या खुर्चीपाशी त्याचा हात थांबला तो थांबलाच. सराव संपवून बाई खाली उतरल्या, तर हा तोंड उघडं टाकून तसाच बसलेला. त्या हसल्या. याने काही न सुचून चकत्यांच्या खोक्याचं झाकण पुढे केलं, आणि त्यांनी त्या पुठ्ठ्यावर सही केली. ती पहिली.

पुढच्या तीस वर्षांत चारशेतीसच्या वर सह्या जमल्या. त्याबरोबर कार्यक्रमपत्रिका, फाटलेली तिकिटं, भिंतीवरून पाण्याने भिजवून सोडवलेली पोस्टरं, एका पाकिटात व्हायोलिनची तुटलेली तार. सगळं शर्टांच्या रिकाम्या खोक्यांतून पलंगाखाली. बायको आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या पलंगाखाली अख्खा वाद्यवृंद झोपलेला असतो, पण घोरतात हे एकटेच."

त्याचा नियम एकच होता. सही समोर उभं राहून मागायची. विकत घ्यायची नाही, दुसऱ्याकडून घ्यायची नाही. मागच्या दाराशी पावसात उभं राहावं लागलं तरी चालेल. या नियमाचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान तो वेळी-अवेळी बोलूनही दाखवायचा. पैसे मोजून सह्या घेणाऱ्या एका गृहस्थांना तर त्याने चारचौघांत ऐकवलं होतं, "तुमच्याकडे आहेत ते कागद. सह्या माझ्याकडे आहेत."

या सगळ्या संग्रहात एक पत्रिका मात्र त्याच्या मनात काट्यासारखी होती.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या काळी चार वादकांचा एक मेळ फार गाजत होता. दोन व्हायोलिनं, एक पियानो, एक बासरी. थोरल्या व्हायोलिनवाल्यांना सगळे मास्तर म्हणत. मेळ त्यांचा, शिस्त त्यांची, शब्दही त्यांचाच शेवटचा. सभागृहातल्या त्यांच्या मैफलीनंतर सहीवाला पत्रिका घेऊन आत गेला. मास्तरांनी वर तारीख घातली, 'आजच्या मैफलीची आठवण' असं लिहिलं आणि खाली सही केली. दुसऱ्या व्हायोलिनवाल्याने केली, पियानोवाल्याने केली. बासरीवाला खोलीत नव्हता. कुणीतरी म्हणालं, आत्ताच मागच्या जिन्याने गेला.

हा धावत जिन्यापाशी गेला. बासरीवाला दहाएक पायऱ्या खाली उतरला होता, पाठमोरा. याने वरून हाक मारली. तो थांबला, पण त्याने वळून पाहिलं नाही. नुसता हात वर केला, चालता हो म्हटल्यासारखा. याचं डोकं फिरलं. हा तसाच परतला.

दीड महिन्याने बासरीवाला छातीच्या आजाराने वारल्याची बातमी आली. सहीवाल्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर बासरीवाल्यापेक्षा त्या पत्रिकेचंच जास्त वाईट वाटलं. मेळ तर त्या मैफलीनंतर मोडलाच. म्हणजे ती शेवटची मैफल, आणि तिच्या पत्रिकेचा उजवा खालचा कोपरा कोरा. पुढे कधी विषय निघाला की तो म्हणायचा, "वाजवायचा देवासारखा, पण घमेंड बघायची त्याची! वळूनसुद्धा पाहिलं नाही."

असं करता करता याचे केस पांढरे झाले. सभागृहाला पन्नास वर्षं होत होती. तिथल्या व्यवस्थापिका एक दिवस दुकानात आल्या. चटचट बोलणाऱ्या, हातात कायम वही. दर्शनी दालनात जुन्या मैफलींचं प्रदर्शन भरवायचं होतं.

"तुमच्याशिवाय आम्ही जायचं कुणाकडे?" त्या म्हणाल्या.

त्याने भराभर नावं सांगितली, त्यांनी लिहून घेतली. बोलता बोलता त्या चौघांच्या मेळाचा विषय निघाला.

"शेवटच्या मैफलीची पत्रिका आहे तुमच्याकडे? सह्यांसकट?" बाईंची पेन्सिल थांबली. "चारही असतील तर दाराशी पहिल्याच काचपेटीत ठेवते. तुमच्या नावासकट. पण चारही असतील तर हं. नाहीतर त्यात काय एवढं?"

"चारही आहेत," तो म्हणाला.

कसं तोंडून गेलं, त्याचं त्यालाही कळलं नाही. दुरुस्त करायला वाव होता. बाई अजून लिहीतच होत्या. नाही हो, चुकलो, तीनच आहेत, एवढंच म्हणायचं होतं. पण 'त्यात काय एवढं' हे शब्द त्याला लागले होते. बाईंनी 'चारही' शब्दाखाली रेघ मारली आणि त्या गेल्यासुद्धा.

म्हणजे आधी थाप मारून झाली, सही नंतर केली. पुढे त्याला याचीच जास्त लाज वाटायची. मोहाने एखादा माणूस घसरतो, समजू शकतं. याने मात्र बोललेलं निभावण्यासाठी, ठरवून, सवडीने केलं.

सभागृहाच्या रद्दीतून एकदा त्याच्याकडे बासरीवाल्याचं एक करारपत्र आलं होतं. नियमाप्रमाणे ते संग्रहात नव्हतं. नुसतं एका वहीत पडून होतं. पुढच्या रविवारी दुपारी बायको तिच्या बहिणीकडे गेली, तेव्हा त्याने ते काढलं. जुन्या दौतीतली शाई पाण्याने पातळ केली, तीनही सह्यांच्या विटलेल्या निळ्याशी जुळेपर्यंत. वर्तमानपत्राच्या समासात तीस-चाळीस वेळा सही गिरवली. पहिलं अक्षर उभं आणि टोकदार, मग एकदम सैल झालेली ओळ, शेवटी उजवीकडे वर जाणारा फराटा. दहाव्या वेळेपर्यंत तो बघून काढत होता. विसाव्यानंतर बघायची गरज उरली नाही. मग पत्रिका समोर घेतली आणि एका दमात करून टाकली.

छान झाली. इतकी छान, की क्षणभर तो खूश झाला. मग त्याने ते वर्तमानपत्र चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी घातलं आणि हात दोनदा धुतले.

प्रदर्शनाचं उद्घाटन झालं. दारातल्या पहिल्या काचपेटीत पत्रिका, तिच्यावर सोडलेला दिवा, बाजूला याचं नाव. लोक येऊन हात मिळवत होते. पैसे मोजून सह्या घेणारे ते गृहस्थही आले, वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मानलं तुम्हाला." त्या शब्दासाठी हा कित्येक वर्षं आसुसला होता, आणि आता तो कानात पडल्यावर त्याला वाटलं, आपण नवा कोट घातलाय खरा, पण पाठीवर काहीतरी चिकटलेलं आहे आणि ते कुणाला दिसतंय का, हे वळून बघायची सोय नाही.

तिसऱ्या दिवशी व्यवस्थापिकाबाईंनी त्याला दुकानातून बोलावून घेतलं. काचपेटीपाशी एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. ठेंगण्या, ताठ, चष्मा कपाळावर चढवलेला.

"या त्या बासरीवादकांच्या थोरल्या बहीण," व्यवस्थापिका म्हणाल्या. "तुम्हाला भेटायचं म्हणून तासभर थांबल्यात."

बाईंनी त्याचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही होतात तिथे? या सह्या झाल्या तेव्हा?"

"हो," तो म्हणाला. खोटं नव्हतंच ते.

"म्हणजे धाकटा बसला होता त्यांच्यात. मैफल झाल्यावर. मास्तरांच्या शेजारी!" बाईंचा आवाज चिरकला. "मला त्याने एवढंच सांगितलं होतं, ताई, मी आता त्यांच्यात नाही. पुढे काही विचारू दिलं नाही. मी समजत होते, त्याला हाकलून दिलं त्यांनी. सव्वीस वर्षं मी त्या मास्तरांचं तोंड पाहिलं नाही हो. समोरून आले तर रस्ता ओलांडायची. आणि इथे बघा, तारीख आहे, 'मैफलीची आठवण' म्हणून लिहिलंय, आणि खाली माझ्या भावाची सही. गोडीने गेला ना तो? सांगा ना, कसा होता त्या दिवशी? हसत होता?"

व्यवस्थापिका डोळे पुसत होत्या. सहीवाल्याने हळूच हात सोडवून घेतले.

"गर्दी होती फार," तो म्हणाला. "नीटसं आठवत नाही."

"असू दे, असू दे. सही आहे ना," बाई म्हणाल्या आणि त्यांनी काचेवर, बरोबर त्या कोपऱ्यावर, बोट टेकवलं.

त्या दिवसापासून त्याची झोप गेली. जेवताना घास फिरायला लागला. बायकोने विचारलं तर म्हणाला, पित्त झालंय. कामात चूक कधी न करणाऱ्या माणसाने त्या आठवड्यात पोहण्याच्या स्पर्धेच्या ढालीवर उपविजेत्याचं नाव विजेत्याच्या जागी कोरलं.

आठवड्याने, भर दुपारी, दुकानात मास्तर आले. शहात्तर वर्षांचे, काठी टेकत. सहीवाला उठून उभा राहिला. मास्तरांनी बसायला मिळालेल्या स्टुलावर टेकून कोरण्यांकडे, पाट्यांकडे सावकाश पाहून घेतलं.

"हात चांगला आहे तुझा."

"आपली कृपा, मास्तर."

"पाट्यांचं नाही म्हणत मी. सहीचं म्हणतोय."

सहीवाल्याच्या हातातली कोरणी खाली ठेवायची राहिली. त्याने नाकारलं नाही.

"मला ओळखायला काही लागलं नाही रे," मास्तर म्हणाले. "अक्षर बिनचूक आहे. पण तो त्या खोलीत नव्हताच. का नव्हता, ते मला ठाऊक आहे. मध्यंतरात मीच त्याला म्हणालो, तुझा दम संपलाय, सूर तुटतोय, उद्यापासून येऊ नकोस. दुसरा बासरीवाला मी आधीच बघून ठेवला होता. हा आपला नुसतं हो म्हणाला. उत्तरार्ध वाजवला आणि गेला. छातीत काय होतंय, हे त्याने सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही."

बाहेरून एक गाडी गेली. मास्तर काठीच्या मुठीवर हात चोळत राहिले.

"परवा त्याची बहीण घरी आली माझ्या. माझे हात धरून रडली, माफ करा म्हणाली. मला! येत्या रविवारी जेवायला बोलावलंय. मी पण काय केलं ठाऊक आहे? हो म्हणालो. वाटलं, मिळतेय माफी तर घ्यावी. म्हातारा झालोय मी." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "ती गेल्यावर आरशात बघवेना. तू ती माफी माझ्या खिशात घातलीस रे, माझी नसलेली."

"मास्तर, मी काय करू?"

"मोठा गुन्हेगार मी की तू, हे ठरवत बसू नकोस. तुझं तू सांग, माझं मी सांगेन. पण आधी तू. तुझ्या सहीमुळे माझं खरंही खोटं ठरेल."

बायकोला सांगितल्याशिवाय जाणं बरोबर नव्हतं. संध्याकाळी तिच्यासमोर बसला, पण शब्द सापडेनात. शेवटी तीच म्हणाली, "त्या बासरीवाल्याच्या सहीचं आहे ना?"

त्याने मान वर केली.

"कचरा मी टाकते या घरातला," ती म्हणाली. "डब्यात पेपर होता. समासात एकच नाव चाळीसदा. मला वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल. उद्घाटनाला तुमच्याशेजारी उभी राहून लोकांचे 'वा वा' मीही ऐकले. तुमच्याएवढीच लाज मला आहे. पण तुम्ही तोंड उघडल्याशिवाय मी काय बोलणार?"

दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या घरी गेला. तिसरा मजला. बाईंनी आयुष्यभर टपाल कचेरीच्या खिडकीत काम केलेलं. घरही तसंच, जिथलं तिथे. टेबलावर प्रदर्शनाच्या बातमीचं कात्रण होतं आणि नवी कोरी, अजून रिकामी चौकट. बाईंनी बसा म्हटलं. तो बसला नाही. उभ्यानेच म्हणाला,

"ताई, ती सही त्यांची नाही. मी केलेली आहे."

बाईंना आधी कळेचना. "तुम्ही घेतलेली, ना?"

"नाही. मी केलेली. माझ्या हाताने."

त्या खुर्चीत टेकल्या. मग पार्सल हरवल्याची तक्रार नोंदवून घ्यावी तशा आवाजात विचारू लागल्या.

"कधी?"

"दोन महिन्यांपूर्वी. रविवारी दुपारी."

"कशावरून?"

"एक करारपत्र होतं त्यांचं."

"करून दाखवा."

त्यांनी एक जुनं पाकीट उलटं करून पुढे सरकवलं आणि पेन दिलं. आता मात्र त्याला बसावं लागलं. त्याला वाटलं, हात थरथरेल आणि सही बिघडेल. तेवढी तरी शरम हाताने राखावी. पण हात थरथरला नाही. उभं टोकदार अक्षर, सैल ओळ, वर गेलेला फराटा. अगदी हुबेहूब.

बाईंनी चष्मा खाली ओढून ती पाहिली. खूप वेळ पाहिली.

"एकतीस वर्षं मी लोकांची अक्षरं वाचत बसले," त्या म्हणाल्या. "कुत्र्यामांजराच्या पायासारखी अक्षरं. नुसत्या वळणावरून सांगायची, पत्र कुणाचं ते. आणि भावाचं अक्षर मला ओळखता आलं नाही. मला हवं होतं ना तसं, म्हणून." त्यांनी पाकीट पालथं घातलं. "मग तो होता तरी कुठे? तुम्ही पाहिलंत का त्याला, की तेही खोटंच?"

"पाहिलं. मागच्या जिन्यावर."

"सांगा."

"मी वरून हाक मारली. सही पाहिजे म्हणून. ते थांबले. एका हाताने कठडा धरलेला. वळले नाहीत. मला वाटलं, मुद्दाम पाठ करून उभे आहेत. मग दुसरा हात वर केला. असा." त्याने पंजा उघडून, कोपरात किंचित वाकवून दाखवला. "मला वाटलं, चालता हो म्हणतायत. मला राग आला. मी म्हणालो..."

"काय म्हणालात?"

"म्हणालो, कसली एवढी घमेंड! त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. आणि परत फिरलो."

बाई त्याच्या अजून वर असलेल्या हाताकडे पाहत होत्या.

"चालता हो नव्हे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "थांब म्हणत होता तो. दम लागला की त्याला बोलता यायचं नाही. लहानपणापासून असाच हात करायचा. थांब, आलो, एवढं होऊ दे. मिनिटभर थांबलं की वळून हसायचा." त्यांनी डोळे मिटले. "थांबला असतात तर सही मिळाली असती तुम्हाला."

सहीवाल्याने हात खाली घेतला. इतकी वर्षं ज्याची कुचेष्टा केली, तो माणूस जिन्यावर श्वास गोळा करत उभा होता, याच्यासाठी. खोट्या सहीची लाज त्याला आधीपासून होतीच. ही वेगळी होती. तो रडला, पण बाईंनी त्याला रडू नका म्हटलं नाही, आणि ते बरंच केलं.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मास्तरांना मी रविवारी जेवायला बोलावलंय. त्यांना सांगा, येऊ नका. आणि ती पत्रिका तिथून हलवायची नाही. खाली खरं काय ते लिहायचं. जिन्याचंही."

व्यवस्थापिकाबाईंना हे मुळीच मान्य नव्हतं. त्या आधी संतापल्या, मग घाबरल्या. "गुपचूप काढून घेऊ ना! दुसरं काहीतरी ठेवू. कुणाला कळायचंसुद्धा नाही. सभागृहाची लाज जाईल हो!" खरं तर सहीवाल्याच्याही मनात तेच होतं. इतक्या सहज सुटका समोर आल्यावर त्याला क्षणभर बाईंचा रागसुद्धा आला. पण तो म्हणाला, "सभागृहाची नाही. माझं नाव घाला म्हणजे झालं."

कार्ड लागलं. 'वरच्या तीन सह्या मैफलीनंतर घेतलेल्या. चौथी सही संग्राहकाने अलीकडे स्वतः केलेली आहे. बासरीवादक त्या संध्याकाळी आजारी अवस्थेत, सही न करता, मागच्या जिन्याने गेले. संग्राहकाने हाक मारल्यावर त्यांनी थांबण्याची खूण केली होती. संग्राहक थांबला नाही.' खाली याचं नाव.

मास्तरांना त्याने निरोप दिला, तरी ते रविवारी गेलेच. तिथे काय बोलणं झालं, हे त्याला कधी कळलं नाही. पुढे एकदा विचारलं तेव्हा मास्तर इतकंच म्हणाले, "दोन तास बसलो. सगळं सांगितलं. उठताना तिने पाणी दिलं." आणि विषय बदलला.

गावात मात्र व्हायची ती शोभा झाली. पूर्वी दहा माणसं यायची तिथे आता पन्नास येऊ लागली, आणि सगळी त्याच काचपेटीपाशी. दुकानात एक जण म्हणाला, "माझ्या सासऱ्यांची एक सही हवी होती. मृत्युपत्रावर. जमेल?" आणि स्वतःच खो खो हसला. दोन क्लबांनी आपले चषक दुसरीकडे कोरायला टाकले. पैसे मोजून सह्या घेणारे गृहस्थ काहीच बोलले नाहीत. रस्त्यात भेटले तेव्हा नुसती मान हलवून गेले, आणि ते सगळ्यात जास्त झोंबलं.

तो प्रदर्शनाकडे फिरकतच नव्हता. शेवटच्या दिवशी बायकोच म्हणाली, "चला. आपलंच सामान आहे, आपणच आणायचं." दोघं गेली. काचपेटीपाशी एक बाई कार्ड वाचत उभी होती. वाचून झाल्यावर शेजारी उभ्या असलेल्या यालाच म्हणाली, "कसला माणूस असेल हो हा!"

"मी," तो म्हणाला.

बाई ओशाळली. मग सावरून, जरा उत्सुकतेनेच तिने विचारलं, "मग या वरच्या तीन? त्या खऱ्या?"

"हो. खऱ्या."

"कशावरून?"

त्याने तोंड उघडलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मास्तरांनी पेन झटकलं तेव्हा शाईचा थेंब कुठे उडाला, पियानोवाला उभ्याने सही करत होता, कारण खुर्चीवर त्याचा कोट होता. पण चौथ्या सहीबद्दलही त्याने असंच काहीतरी रंगवून सांगितलं असतं, आणि तेही असंच खरं वाटलं असतं.

"माझ्या सांगण्यावरून," तो म्हणाला.

बाईने भिंतीवरच्या बाकीच्या चौकटींवरून, पहिल्या सहीच्या त्या पुठ्ठ्यावरूनसुद्धा, एकदा नजर फिरवली. मग नुसती हसली आणि बाहेर गेली.

सामान घरी आलं. पलंगाखाली पुन्हा गेलं नाही. टेबलावर पडून राहिलं. काही दिवसांनी दोघांनी कामाला हात घातला. एकेक सही काढायची, ती कुठे, कधी, कशी मिळाली ते त्याने सांगायचं आणि बायकोने मागे पेन्सिलने लिहायचं. नक्की आठवत नसेल तिथे तसंच लिहायचं, 'नक्की आठवत नाही.' असे कागद त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले.

एका संध्याकाळी एका चेलोवादकाची सही हातात आली. तो सांगायला लागला, "त्या दिवशी धो धो पाऊस होता. मी चिंब भिजलेला. त्यांनी आपली छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि..."

बायकोची पेन्सिल थांबली.

"हे तेव्हा घडलं, की आत्ता सुचलं?"

त्याने सही दिव्याजवळ धरली. पाऊस होता, हे नक्की. छत्री होती का? असेलही. कुणाची?

"छत्रीचं लिहू नकोस," तो म्हणाला. "पाऊस होता एवढंच लिही."